उडीचा हिशेब

६ सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी सोनी कंपनीच्या दोन खेळांचं नशीब ठरलं. 'कॉन्कॉर्ड' हा बंदुकबाजीचा ऑनलाइन खेळ जेमतेम दोन आठवडे चालून त्या दिवशी बंद पडला. ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांना पैसे परत देण्यात आले. त्याच दिवशी 'अ‍ॅस्ट्रो बॉट' विक्रीला आला. त्यात एक इवलासा रोबो उड्या मारत, नाणी वेचत, विखुरलेल्या सोबत्यांना शोधत हिंडतो. पहिला खेळ आजच्या बाजाराची नाडी बघून केलेला, दुसरा पंचवीस वर्षांपूर्वीच्या वळणाचा. डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून नाव पुकारलं गेलं ते दुसऱ्याचं.

तेव्हापासून आमच्या घरात हा विषय थांबलेला नाही. माझा भाऊ चार्टर्ड अकाउंटंट आहे, पुण्यातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांचे हिशेब बघतो. माझी मुलगी एका गेम स्टुडिओत लेव्हल डिझाइन करते; खेळातल्या पायऱ्या, खड्डे, आडोसे कुठे असावेत ते ठरवणं हे तिचं काम. चार मित्रांना घेऊन तिला स्वतःचा थ्रीडी प्लॅटफॉर्मर काढायचा आहे आणि भांडवल मामाने द्यावं असं तिला वाटतं. म्हणजे हा वाद नुसता आवडीनिवडीचा नाही, त्यात पैसे अडकलेले आहेत. दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. ती तोडातोडी गाळून बाकीचं लिहिते आहे.

कंट्रोलर कधी हातात न धरलेल्यांसाठी एवढंच सांगते. मारिओ डावीकडून उजवीकडे पळत खड्डे ओलांडतो तो टूडी प्लॅटफॉर्मर. त्याच मारिओला मोकळ्या मैदानात सोडलं, चारी दिशांना पळू दिलं आणि आपण त्याच्या पाठीमागून जग बघू लागलो की झाला थ्रीडी. गोष्ट, लढाई, कोडी काहीही असो, मुख्य काम उडीचं.

मामा : पुरस्काराचं कौतुक पुरे. अ‍ॅस्ट्रो बॉट खपला किती?

भाची : नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत १५ लाख. मार्च २०२५ अखेर २३ लाख.

मामा : आणि सोनीचाच 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' पहिल्या आठवड्यात ५१ लाख गेला होता. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाला सहा महिन्यांत त्याच्या निम्मासुद्धा पल्ला गाठता आला नाही. आणि तू मला म्हणतेस लोकांना उड्या हव्यात.

भाची : मामा, सीए तू आहेस ना? मग विक्री सांगून थांबतोस कसा? खर्च सांग की. अ‍ॅस्ट्रो बॉट करणारी टीम असोबी म्हणजे टोकियोतली साठेक माणसं, काम तीनेक वर्षांचं. सोनीच्याच 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर लागले. हा आकडा २०२३ साली अमेरिकेच्या कोर्टात बाहेर आला. मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीने कागद दिले होते, गुपित आकड्यांवर काळ्या मार्करने रेघा ओढल्या होत्या, आणि स्कॅनमध्ये रेघांखालचं सगळं वाचता येत होतं.

मामा : (मनापासून हसत) हे माझ्या आर्टिकल क्लार्कना सांगितलं पाहिजे. बरं, हा २२ कोटींचा खेळ कुणी केला?

भाची : नॉटी डॉगने.

मामा : आणि त्यांनी सुरुवात कशाने केली होती?

भाची : 'क्रॅश बँडिकूट'. १९९६.

मामा : म्हणजे थ्रीडी उड्यांनीच. क्रॅशचा पहिला भाग साठ लाखांच्या वर गेला. मग २००१ ला 'जॅक अँड डॅक्स्टर'. तोही तसलाच. आणि २००७ ला 'अनचार्टेड', तिथून बंदुका. इन्सॉम्नियॅक घे : १९९८ ला 'स्पायरो', आता 'स्पायडर-मॅन'. सकर पंच : २००२ ला 'स्लाय कूपर', २०२० ला 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'. जगातले उड्यांचे तीन उत्तम कारागीर, आणि तिघांनीही दुकान बदललं. या धंद्यात राम असता तर ते गेले असते का? मी कुठल्याही धंद्यात पैसे घालायच्या आधी बघतो की त्यातले जुने लोक कुठे आहेत.

भाची : इन्सॉम्नियॅक गेली नाही. 'रॅचेट अँड क्लँक'चा नवा भाग २०२१ ला आला.

मामा : त्यातही बंदुका आहेत.

भाची : आहेत. पण स्पायडर-मॅन खेळताना तू करतोस काय? न्यूयॉर्कच्या इमारतींवरून झोके घेतोस. त्या झोक्याची मजा जमवणारी माणसं उड्यांच्या शाळेतच शिकलेली. ती कला गेली नाही, दुसऱ्या नावाने विकली जाते.

मामा : मग दुसऱ्या नावानेच विक. माझं म्हणणं तेच आहे. उडी ही भाजीतली फोडणी आहे, फोडणीचं हॉटेल चालत नाही.

(हे वाक्य त्याने आधी तयार करून आणलं होतं, अशी मला शंका आहे. पण त्याचा मुद्दा खोटा नाही. १९९६ ला 'सुपर मारिओ ६४' आला तेव्हा थ्रीडी हीच नवलाई होती. अंगठ्याने फिरवायची काडी, म्हणजे अ‍ॅनालॉग स्टिक, हळू ढकलली की मारिओ चालतो, जोरात ढकलली की पळतो. एवढ्यावर लोक तासन् तास राजवाड्याच्या अंगणात नुसते हिंडत होते. निन्टेंडो ६४ हे यंत्र विकण्याचं काम त्या खेळाने केलं आणि स्वतः सव्वा कोटीच्या जवळपास खपला. नवलाई ओसरली तशी प्रत्येक कंपनी खेळ लांबवू लागली, आणि लांबवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे गोळा करायच्या वस्तू वाढवणं. १९९९ च्या 'डाँकी काँग ६४'मध्ये २०१ सोनेरी केळी होती. शिवाय पाच माकडं, आणि एकाच्या रंगाची केळी दुसऱ्याला उचलता येत नाहीत. तो करणारी रेअर ही इंग्लंडची कंपनी २००२ ला मायक्रोसॉफ्टने साडेसदतीस कोटी डॉलरला घेतली. त्यानंतर त्या वळणाचं मोठं काम तिच्या हातून झालं नाही.)

भाची : केळ्यांचं सोड, ते मलाही कंटाळवाणं वाटतं. पण तू म्हणतोस लोकांना आवडत नाही, त्याचं खरं कारण तुला माहीत आहे का? लोकांना उडी नको नव्हती, त्यांना खोली कळत नव्हती.

मामा : म्हणजे?

भाची : टूडीत खड्डा किती रुंद आहे ते डोळ्याला सरळ दिसतं. थ्रीडीत समोरची पायरी किती लांब आहे ते सपाट पडद्यावरून ओळखायचं असतं. कॅमेरा जरा खाली असला तर दहा फूट आणि पंधरा फूट सारखंच दिसतं. तू उडी मारतोस, पडतोस, आणि तुला वाटतं खेळाने फसवलं. ते बरोबरच आहे, फसवलेलंच असतं. म्हणून चांगल्या थ्रीडी प्लॅटफॉर्मरमध्ये सावली बघ. उजेड कुठूनही येवो, खेळगड्याची सावली बरोबर त्याच्या पायाखालीच पडते. खऱ्या जगात असं कधी होत नाही. ती सावली म्हणजे तू कुठे उतरणार त्याची खूण. अ‍ॅस्ट्रो बॉट हवेत तरंगताना त्याच्या पायांतून दोन लेझरचे झोत खाली जातात. बघणाऱ्याला ते शस्त्र वाटतं, आणि शत्रू जळतातही त्याने. पण मला विचारशील तर ती ओळंब्याची दोरी आहे.

मामा : हे छान आहे. पण कॅमेऱ्याचं काय? मला अर्ध्या तासात गरगरतं.

भाची : क्रॅशच्या वेळी नॉटी डॉगने कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात दिलाच नाही. रस्ता बोळासारखा, कॅमेरा ठरलेल्या मार्गाने. मारिओ ६४ ने उलट केलं : ढगावर बसलेलं एक पात्र कॅमेरा धरून मारिओच्या मागे फिरतं असं दाखवलं, म्हणजे कॅमेरा नावाची वस्तू असते हे लोकांना आधी कळावं. आणि 'मारिओ गॅलक्सी'त, २००७ ला, जमीनच गोल केली. छोटे छोटे ग्रह. कुठेही पळालास तरी फिरून तिथेच येतोस, कड्यावरून पडायची भीती कमी, आणि कॅमेरा सारखा फिरवायची गरजही कमी. दिग्दर्शक कोइझुमी यांना हाच त्रास कमी करायचा होता, थ्रीडीत हरवण्याचा आणि गरगरण्याचा.

मामा : आणि तरीही? मी पण थोडा अभ्यास करून आलोय. निन्टेंडोच्या वी या एकाच यंत्रावर दोन्ही मारिओ होते. गॅलक्सी, ज्याला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, सव्वा कोटीच्या घरात. आणि दोन वर्षांनी आलेला साधा टूडी 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' तीन कोटींच्या वर. गॅलक्सीचा दुसरा भाग आला तेव्हा निन्टेंडोने काही देशांत सोबत एक डीव्हीडी दिली. कशाची? खेळ कसा खेळायचा ते शिकवणारी! गिऱ्हाइकाला माल वापरता येत नाही हे कंपनीने स्वतः पाकिटात घालून मान्य केलं. यापेक्षा मोठा पुरावा मला कोर्टातही लागणार नाही.

(मुलगी इथे थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं, संपलं. पण ती फोनवर काहीतरी शोधत होती.)

भाची : हे २०१० चं झालं. आता निन्टेंडोचं नंतरचं यंत्र, स्विच घे. त्यावर 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स', टूडी, पावणेदोन कोटींच्या वर. 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर', टूडी, २०२३ चा, दीड कोटींच्या वर. आणि 'सुपर मारिओ ओडिसी', २०१७ चा, थ्रीडी, तो पावणेतीन कोटींच्या वर. निकाल उलटला.

मामा : वंडर सहा वर्षांनंतर आला. त्याला वेळ मिळालेला नाही.

भाची : यू डिलक्सला मिळालाय की. आणि तेही सोड, उलटलं का ते बघ. मधल्या काळात एक अख्खी पिढी 'माइनक्राफ्ट' आणि 'रोब्लॉक्स'वर वाढली. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान वळवायची हे त्यांना कुणी शिकवलं नाही, सायकलीसारखं अंगात आलं. तुला गरगरतं, आईला गरगरतं. शेजारच्या सातवीतल्या मुलाला विचार. रोब्लॉक्सवर 'ऑबी' म्हणून एक प्रकार आहे, अडथळ्यांच्या शर्यती. रंगीत ठोकळ्यांवरून उड्या मारत वर जायचं, पडलं की पुन्हा. दिसायला दरिद्री. 'टॉवर ऑफ हेल' हा त्यातला एक, त्याला अब्जावधी भेटी आहेत. रोब्लॉक्सचे रोजचे वापरकर्ते २०२५ मध्ये १० कोटींच्या पुढे गेले. जगातला सगळ्यात जास्त खेळला जाणारा थ्रीडी प्लॅटफॉर्मर कदाचित निन्टेंडोकडे नाहीच, तो शाळकरी पोरांनी एकमेकांसाठी केलेला आहे.

मामा : फुकट आहे तो. फुकट गर्दी जमते. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आणि भारतात तर पोरं फोनवर खेळतात. काचेवर कसली स्टिक आणि कसला कॅमेरा?

भाची : फोनवरही जमलंय. 'सबवे सर्फर्स'. २०१२ चा. पोरगा रुळांवरून पळतो, आपण बोटाने वर सरकवलं की उडी. मुंबईचीही आवृत्ती निघाली होती त्याची. गूगल प्लेवर १०० कोटी डाउनलोडचा टप्पा गाठणारा तो पहिला खेळ, २०१८ ला. बघ त्यात काय केलंय : कॅमेरा काढून घेतला, दिशा काढून घेतली, पळणं आपोआप. क्रॅशचा बोळच आहे तो, न संपणारा.

मामा : म्हणजे तुझ्या थ्रीडी प्लॅटफॉर्मरमधून थ्रीडी काढलं की तो चालतो! हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे, बाई.

(हा टोला बसला. ती हसली आणि तिने तो खिलाडूपणे सोडून दिला. माझं मत विचाराल तर दोघं अर्धे अर्धे बरोबर आहेत. सबवे सर्फर्समध्ये अंतर ओळखून उडी मारण्याचं कसब आहे, पण कुठे जायचं ते ठरवण्याचा आनंद नाही. आणि ज्यांना हा आनंद हवा असतो त्यांना तो खेळ पुरत नाही.)

मामा : आता तुझ्या जातकुळीचे लोक घेऊ. म्हणजे ज्यांच्यामागे निन्टेंडो, सोनी नाही असे.

भाची : घेऊ. 'युका-लेली'.

मामा : मी तेच घेणार होतो. रेअरमधून बाहेर पडलेली माणसं. २०१५ ला किकस्टार्टरवर झोळी फिरवली, वीस लाख पाउंडांच्या वर जमले, पहिले दहा लाख तर एका दिवसाच्या आत. आणि २०१७ ला खेळ आल्यावर?

भाची : लोक म्हणाले, हे १९९८ सालच्या सगळ्या सवयी घेऊन आलंय. कॅमेराही.

मामा : बरोबर. लोकांना आठवण विकत घ्यायची होती, खेळ नव्हे. आठवणीचे पैसे एकदाच मिळतात.

भाची : पण त्याच वर्षी 'अ हॅट इन टाइम' आला. त्याचीही सुरुवात किकस्टार्टरवरच, पण त्यांना जमले तीन लाख डॉलरसुद्धा नाहीत. जवळजवळ दशांश पैसे. तो दहा लाखांच्या वर खपला. तोही जुन्या मारिओवरच पोसलेला आहे, पण त्यात एका आगगाडीवर खुनाचं रहस्य आहे, एका सिनेमावाल्याचा स्टुडिओ आहे, आणि टोपी बदलली की मुलीची ताकद बदलते. आणि पळणं-उडणं तुकतुकीत. पैसे कमी असले की माणूस केळी वाढवत बसत नाही.

मामा : एक उदाहरण.

भाची : 'क्रॅश'च्या तिन्ही जुन्या भागांचा नवा संच, तोही २०१७ चा, एक कोटीच्या वर गेला.

मामा : तो ॲक्टिव्हिजन या बड्या प्रकाशकाचा. आणि पुन्हा आठवणच. नवा कोरा चौथा भाग २०२० ला काढला, समीक्षकांना आवडला. तो ५० लाखांपर्यंत पोचायला काही वर्षं लागली. चौथा भाग करणाऱ्या टॉइज फॉर बॉबला मधल्या काळात कॉल ऑफ ड्यूटीच्या कामाला जुंपलं. मालक कंपनीला एवढी विक्री पुरली नाही, हाच त्याचा अर्थ.

भाची : मालक कंपनीला पुरली नाही. तुला पुरली असती का, ५० लाख?

मामा : (थोडं थांबून) मला पन्नास हजार पुरले असते.

(वादाचा काटा इथे फिरला. आधीचा तासभर दोघं 'चालतो की नाही' असं भांडत होते. खरा प्रश्न 'कुणाला पुरतो' हा आहे. २००५ ला 'सायकोनॉट्स' आला. लोकांच्या डोक्यात शिरून त्यांच्या भीतीच्या प्रदेशांत उड्या मारण्याचा खेळ, कल्पनेने इतका श्रीमंत की आजही अभ्यासाला लावावा. तो आपटला आणि प्रकाशक कंपनी मोठ्या कन्सोल खेळांच्या धंद्यातूनच मागे सरली. पण खेळाला पुढे वर्षानुवर्षं गिऱ्हाईक मिळत राहिलं, आणि २०२१ ला दुसरा भाग आला. तोवर निर्मात्या डबल फाइनला मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं होतं. याच्या उलट २०२१ चा 'बालन वंडरवर्ल्ड' : सोनिकच्या जनकांपैकी एक, युजी नाका, दिग्दर्शक, स्क्वेअर एनिक्स प्रकाशक, पूर्ण किंमत. त्यात उडी आणि बाकी सगळं एकाच बटणावर, आणि काही पोशाख असे की ते घातले की उडीच मारता येत नाही. प्लॅटफॉर्मरमध्ये! लोकांनी त्याला जे करायचं ते केलं.)

भाची : आणि 'इट टेक्स टू' विसरलास. हेझलाइट, स्वीडनची. २०२१ चा सर्वोत्तम खेळ. दोन कोटी प्रती. नवरा-बायको बाहुल्या होतात आणि दोघांनी मिळून उड्या मारत घर ओलांडायचं.

मामा : तो प्लॅटफॉर्मर आहे?

भाची : त्यातून उड्या काढून टाक आणि काय उरतं ते सांग.

मामा : पण लोकांनी तो उड्यांसाठी घेतला नाही. बायकोबरोबर सोफ्यावर बसून खेळता येतो म्हणून घेतला. एक प्रत घेतली की दुसऱ्याला फुकट सामील होता येतं म्हणून घेतला. ही विक्रीची अक्कल आहे. हे तू केलंस तर मी ऐकेन.

भाची : म्हणजे तू 'नको'वरून 'कसा'वर आलास.

मामा : मी कुठेही आलेलो नाही. मी हिशेब मागतोय. पुण्यात हे कुणी केलंय का, ते सांग. सँड्स ऑफ टाइमचं काय झालं?

(हा प्रश्न त्याने मुद्दाम विचारला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा, भिंतींवरून पळण्याचा आणि चुकलेली उडी वेळ मागे फिरवून पुन्हा मारण्याचा खेळ. त्याची नवी आवृत्ती युबिसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केली. पहिली झलक बघून लोकांनी नावं ठेवली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला परत गेलं. पुण्यातल्या गेम करणाऱ्या मंडळींत हा विषय अजून हळूच निघतो.)

भाची : ते काम दुसऱ्याच्या नावाचं, दुसऱ्याच्या तारखांचं होतं. 'राजी' बघ ना. नॉडिंग हेड्स, पुण्याचीच. किकस्टार्टरवर २०१७ ला पैसे जमले नाहीत, लक्ष्य गाठलं नाही. तरी एपिक या गेम कंपनीचं अनुदान मिळवून २०२० ला खेळ काढला, स्विचवर, मग बाकी यंत्रांवर. राजस्थानी पद्धतीचे वाडे, बाहुल्यांचा खेळ, आणि खांबांवरून उड्या मारणारी मुलगी. कॅमेरा त्यांनी लांब आणि ठरलेला ठेवला. म्हणजे खोलीचा प्रश्नच टाळला. अक्कल तीच.

मामा : बरं. आता कागद घे. माणसं किती?

भाची : पाच.

मामा : वर्षं?

भाची : दोन.

मामा : पगार, जागा, मशिनं, संगीत बाहेरून, भाषांतर, चाचणी. महिन्याला सव्वाचार लाख धरतो. दोन वर्षांत एक कोटी. परदेशी किंमत २० डॉलर. स्टीम, म्हणजे खेळांचं ऑनलाइन दुकान, आपले ३० टक्के घेणार. भारतासारख्या देशांत किंमत कमी ठेवावी लागणार. निम्म्याहून जास्त प्रती सवलतीत जाणार. काही परत येणार. कर. मी प्रतीमागे ७०० रुपये हातात येतील असं धरतो, तेही उदार मनाने. म्हणजे चौदा-पंधरा हजार प्रती गेल्या की मुद्दल सुटलं.

भाची : फक्त पंधरा हजार!

मामा : फक्त? २०२४ ला स्टीमवर अठरा हजारांच्या वर नवे खेळ आले. रोजचे पन्नास. त्यातले बरेचसे हजार प्रतीसुद्धा बघत नसतील. आणि घरच्या बाजारावर भिस्त ठेवू नकोस. निन्टेंडो इथे अधिकृतपणे येतच नाही, सोनीचं पीएस फाइव्ह पन्नास हजारांच्या वर. तुझं गिऱ्हाईक ओहायोत आणि ओसाकात आहे, पुण्यात नाही.

भाची : ते मला चालेल. आणि आमची आणखी एक सोय आहे. थ्रीडी प्लॅटफॉर्मर आवडणारे लोक भुकेले आहेत. मोठ्या कंपन्या वर्षाला एखाद-दुसरा काढतात. बाकी वेळ ते काय करतात? 'स्यूडोरेगेलिया' बघ, २०२३ चा. एका गेम जॅमच्या, म्हणजे थोड्या दिवसांत खेळ करण्याच्या स्पर्धेच्या, प्रयोगातून वाढला. सहा डॉलर किंमत, चित्रं जुन्या यंत्रांसारखी खडबडीत, गोष्ट जवळजवळ नाहीच. पण भिंतीला लाथ मारून, घसरत, उलटी उडी घेऊन वर जाण्यात जी गंमत आहे, तेवढ्यासाठी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. सुंदर जंगलं करायला माझ्याकडे पैसे नाहीत. पण चांगली उडी करायला पैसे लागत नाहीत, वेळ आणि कान लागतात.

मामा : कान?

भाची : पाय टेकल्याचा आवाज चुकला तर उडी जड वाटते.

हे ऐकल्यावर मामाने मांडलेला प्रस्ताव मला त्या सबंध चर्चेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटली. त्याचं मूळ त्याला मुलीनेच पुरवलं होतं, आधीच्या कुठल्यातरी रविवारी : मारिओ ६४ करताना मारिओचे जनक मियामोतो यांच्या मंडळींनी एकही लेव्हल रचण्याआधी मारिओला एका साध्या खोलीत सोडलं होतं आणि एका सशाचा पाठलाग करायला लावला होता. पळणं, वळणं, उडी हे तिथे पक्कं होईपर्यंत राजवाडा नव्हता. तो ससा पुढे खेळात राहिलाच, राजवाड्याच्या तळघरात.

मामा म्हणाला, कोटीचं नंतर बघू. आधी सहा महिन्यांचे पैसे. तेवढ्यात एक खोली. गोष्ट नको, संगीत नको, पात्राला चेहरासुद्धा नको, एक ठोकळा चालेल. अनोळखी माणसांच्या हातात कंट्रोलर द्यायचा आणि काही न सांगता बाजूला व्हायचं. करण्यासारखं काही नसतानाही ती माणसं उड्या मारत राहिली तर पुढचे पैसे. नाहीतर खोली बंद करून सगळ्यांनी नोकऱ्यांवर परत. मुलीने एकच दुरुस्ती सुचवली, की अनोळखी माणसांत निम्मी तरी मामासारखी गरगरणारी असावीत. त्याने ती मान्य केली.

माझा कौल विचाराल तर असा. थ्रीडी प्लॅटफॉर्मर लोकप्रिय होईल का हा प्रश्नच शिळा आहे. रोब्लॉक्सवरच्या पोरांनी तो निकालात काढला. फायद्याचं म्हणाल तर तो दोन टोकांना होतो. एका टोकाला निन्टेंडो आणि सोनी, ज्यांना खेळासोबत यंत्रही विकायचं असतं. त्यांच्यासाठी २३ लाख प्रतींचा अ‍ॅस्ट्रो बॉट हा नव्या कंट्रोलरची सर्वांत चांगली जाहिरातही असतो. दुसऱ्या टोकाला ज्यांचा सगळा खर्च एका फ्लॅटच्या किमतीत बसतो ते. मधल्या जागेत, म्हणजे पूर्ण पगारी स्टुडिओ, पूर्ण किंमत आणि पाठीशी यंत्र विकणारी कंपनी नाही, तिथे गेली वीस वर्षं पैसे बुडत आलेले आहेत. पाच जणांनी हा खेळ जरूर करावा. साठ जणांनी, मागे सोनीसारखं कुणी नसेल तर, करू नये.